भिकाजीकाकाच्या पाच घोरपडी

आमच्या भिकाजीकाकासारखा घोरपड धरणारा तालुक्यात नाही, हे पोलादपूरच्या बाजारात कुणीही सांगेल. मात्र त्याला धरताना कुणी पाहिलेलं नाही. कायद्याने बंदी होती ना! बिळाच्या तोंडाशी मातीत शेपटीची ओढ आणि दोन्ही अंगांना नखांचे ओरखडे दिसले, की हा गडी बसलाच दबा धरून. कातडं महाडचा एक व्यापारी गुपचूप न्यायचा, खंजिरी मढवायला. तेल गावातल्या गुडघ्यांना. चोरून धरायचं, चोरून विकायचं, आणि जंगलखात्याचा गार्ड दिसला की हरवलेली शेळी शोधतोय असं सोंग करायचं, याचा काकाला वीट आला होता. आपण काय चोर हाय, म्हणायचा.

१९९८च्या मे महिन्यात पुण्याहून अमिता मॅडम आल्या. डोंगरात घोरपडी किती उरल्यात आणि ही चोरटी विक्री त्यांना कितपत झेपतेय, हे मॅडमना बघायचं होतं. वाट दाखवायला काका, आणि लिहायला मी, कारण वाडीत बारावी झालेली मी एकटीच.

आता आमच्याकडची समजूत ऐका. गुरं मोजून गेले की पाठोपाठ लस येते. माणसं मोजून गेले की रेशनकार्ड येतं. तेव्हा घोरपडी मोजायला आलेत म्हणजे धरायचा परवाना येणारच, असं काकाने ठरवून टाकलं. मॅडम कॉलेजातल्या, परवान्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. पण ऐकतो कोण! आकडा मोठा निघाला की परवाना, आणि मग उजळ माथ्याने धंदा.

पहिल्या दिवशी काकाने घोरपड धरून दिली. मॅडमनी ती मापली, पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून पाठीवर ऑइलपेंटचा लाल ठिपका दिला आणि सोडली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोंगरावर दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी. मॅडम खूश.

इकडे घरात जानकीकाकी बोंबलत होती, दिव्यातलं रॉकेल जातं कुठे म्हणून. मॅडम खाली उतरल्या की काका परत वर जायचा, तीच बया बिळातून ओढायचा, ठिपका रॉकेलने पुसायचा आणि तिला पोत्यात घालून पुढच्या डोंगरावर ठेवून यायचा. मी एकदा गाठलंच त्याला. तर मलाच म्हणतो, तू लिव्हायचं काम कर. असा राग आला! पण चुलता पडला, लिहीत गेले.

चौथ्या दिवशी मॅडमनी विचारलं, हिला रॉकेलचा वास कसा? काका न अडखळता म्हणाला, उन्हाळ्यात इकडच्या घोरपडींना येतो तसा वास, पाऊस पडला की जातो. मॅडमनी तेही टिपून घ्यायला सांगितलं. मी टिपलं. अजून लाज वाटते.

पाचव्या दिवशी त्यांनी वही चाळली. पाचही नोंदींत एकच गोष्ट: पुढच्या डाव्या पायाचं मधलं नख नाही. त्या काकाकडे बघतच राहिल्या. काका म्हणाला, आमचे दगडच तसले, सगळ्यांचीच नखं मोडतात, आणि पुरावा म्हणून स्वतःच्या पायाचा अंगठा पुढे केला. मॅडम पोट धरून हसल्या. मग काकाही हसला, मीही.

हसू ओसरल्यावर त्यांनी सहज विचारलं, "पण काका, रोज हिलाच कशाला वागवलंत? दुसरी धरायची."

"गावली असती तर हिला कशाला वागवली असती?"

बोलून गेला आणि त्याचं तोंडच उतरलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. पाचही डोंगरांवरची त्याच्या ठाऊकीतली बिळं तो रोज पहाटे बघून येत होता. एकाही तोंडाशी शेपटीची ओढ नव्हती, कोळ्यांनी जाळी विणली होती. ती बिळं कुणी रिकामी केली हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मला त्याच्यावर रागावता येईना, फार वाईट वाटलं.

मॅडमनी पाचातल्या चार नोंदी खोडल्या. काकाने घोरपड खाली सोडली, ती सरसर करवंदीच्या जाळीत शिरली. तो तिकडेच बघत राहिला.

"मॅडम, परवाना ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हिला जोड कुठनं आनू, तेवढं सांगा."