झाकणाचं बटण

प्रिय ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी फोनवर ईशानने विचारलं, "आजी, आबांनी कधी कोणाला गोळी घातली होती का?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाही. आवाज अगदी स्वच्छ येत होता. पण ते उत्तर हो-नाहीत देऊन टाकण्यासारखं नाही. पुढच्या महिन्यात धुळ्याचं हे घर सोडून मी जळगावला तुमच्या आत्याकडे राहायला जाते आहे. काल कपाट आवरताना आबांच्या पिस्तुलाचं चामडी कव्हर हाती लागलं. एकदा सामान खोक्यांत गेलं की माझं लिहिणं राहून जाईल, म्हणून आजच बसले.

तुमचे आबा पोलीस खात्यात फौजदार होते. फौजदार म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर मिशा आणि आरडाओरडा येतो. आबांना मिशा नव्हत्या आणि त्यांचा आवाज इतका हळू होता की शेजारच्या अक्का म्हणायच्या, "फौजदारभाऊ चोरालाबी 'बसा' म्हनत असतील." घरी आल्यावर ते आधी पाणी मागत नसत. कमरेचा पट्टा सोडायचे, पिस्तूल कव्हरातून काढायचे, गोळ्या वेगळ्या करून कपाटात कुलपात ठेवायचे आणि टेबलावर जुना टॉवेल पसरून पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसायचे. पिस्तूल कव्हरात ठेवून ते कधी झोपले नाहीत. "चामडं पाणी पितं," ते म्हणायचे, "आणि प्यायलेलं पाणी लोखंडाला पाजतं."

पुसता पुसता मला शिकवायचे. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, आणि घरी विद्यार्थिनी व्हायचे. पिस्तुलाच्या पोलादावर निळसर काळी झिलई असते. कव्हरात घासून ती आधी कडांवरून जाते, मग नळीच्या टोकावरून, आणि खालचं पोलाद स्टीलच्या वाटीसारखं पांढरं दिसू लागतं. "टोक पांढरं झालं की समजावं, हे फार वेळा बाहेर येतं," आबा म्हणायचे. त्यांच्या पिस्तुलाचं टोक काळं होतं. ते काळं आहे ना, हे मी रोज संध्याकाळी चहा ठेवताना चोरून बघायची. दुसऱ्या बायका नवऱ्याचा चेहरा बघतात.

कव्हर त्यांनी स्वतः पसंत करून, पदरचे पैसे घालून धुळ्यातल्या एका पट्टे करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतलं होतं. त्याला वरून मोठं झाकण आणि पितळी बटण. बटण आधीच घट्ट, पावसाळ्यात चामडं फुगलं की ते हट्टालाच पेटायचं. हाताखालचा एक तरुण अधिकारी उघडं कव्हर लावायचा. नुसता हात घातला की पिस्तूल बाहेर. तो आमच्या ओट्यावर बसून आबांना चिडवायचा, "साहेब, हा तर आजीबाईंचा बटवा! तुम्ही सुपारी काढेपर्यंत चोर साक्रीहून सुरतेला पोचेल."

"पोचू दे," आबा म्हणायचे. "तिकडचे पोलीस काय करतात मग?"

तो गेल्यावर मी विचारायची, "पण खरंच वेळ आली तर?" ते म्हणायचे, "सुमन, बटण काढायला जो वेळ लागतो ना, तो दोघांच्याही कामाचा असतो. त्याच्या आणि माझ्या." हे वाक्य ऐकायला छान होतं. पण ते जीप घेऊन साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांना गेले की मला त्या वाक्याचा काही उपयोग होत नसे. मी वह्या तपासायला घ्यायची आणि रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की लाल पेन तसंच हवेत राहायचं.

मग एका वर्षी उन्हाळा लागताना शेजारच्या तालुक्यातल्या एका फौजदाराच्या पोटात चाकू लागला. त्यांच्याही कव्हराला झाकण होतं. आबा त्यांना दवाखान्यात बघून आले, आणि आठवड्याभरात त्यांच्या पट्ट्याला उघडं कव्हर आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी शिरा केला.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. आंबे बाजारात यायच्या आत पिस्तुलाचं टोक पांढरं झालं. आधी केसासारखी रेघ, मग नखाएवढं. कडाही उजळल्या. पिस्तूल सारखं बाहेर येत होतं. कोणावर? कुठे? मी विचारलं तर म्हणाले, "नवं चामडं आहे, घासतं." वर्गात शिकवताना मात्र माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं टोक यायचं. समोर कोणीतरी हात वर करून उभा आहे, असंही दिसायचं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आबा बनियनवर, कमरेला पट्टा बांधून कपाटाच्या आरशासमोर उभे होते. गोळ्यांची पट्टी पलंगावर वेगळी ठेवली होती. रिकामं पिस्तूल ते झटकन काढत होते, परत ठेवत होते, पुन्हा काढत होते. घामाने पाठ भिजली होती. आरशात मी दिसले तसे थांबले.

"रोज?" मी विचारलं.

"रोज." ते पलंगावर बसले. "झाकण होतं तोवर हात गप्प असायचा. आता बाजारात कोणी खिशात विडी शोधली तरी हात खाली जातो. सुमन, मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं झाकणाचं कव्हर पुन्हा लावलं. आता घाबरायची पाळी माझी होती. चाकू लागलेल्या त्या फौजदाराची बायको माझ्या ओळखीची होती.

पाऊस सुरू झाल्यावर साक्रीच्या आठवडे बाजारात बांधावरून दोन भावांची जुंपली. आबा मध्ये गेले. धाकट्याच्या हातात कुऱ्हाड होती; त्याने ती आबांवरच उगारली. आबांचा हात कव्हरावर गेला. चामडं फुगलेलं, बटण निघेना. तेवढ्यात त्या माणसाची म्हातारी आई भाजीच्या पाट्या तुडवत धावत आली आणि त्याच्या हाताला लोंबकळली. ओरडत होती, "आरे सोड ती कुऱ्हाड! त्या सायेबले बी पोरंसोरं शेतस!" त्या साहेबालाही मुलंबाळं आहेत, असं ती म्हणत होती. पातं चुकलं. दांडा आबांच्या डाव्या खांद्यावर बसला. कुऱ्हाड खाली पडली आणि तो माणूस आईच्या पायाशी बसून रडायला लागला.

हे सगळं आबांनी मला खांदा बांधून घरी आल्यावर सांगितलं. पट्टा त्या दिवशी मी सोडला. पिस्तूलही त्यांच्या सांगण्याप्रमाणे मीच पुसलं.

"उघडं असतं तर तो पोरगा आज नसता," ते म्हणाले. "मी विचार करत नव्हतो, सुमन. मी फक्त बटण ओढत होतो."

मी म्हटलं, "आणि त्याची आई आली नसती तर तुम्ही नसता."

"तेही खरं."

त्या दोन खरेपणांचा मेळ आम्हाला पुढेही कधी घालता आला नाही. ते निवृत्त होईपर्यंत मी जीपचा आवाज ऐकत राहिले आणि ते झाकणाचंच कव्हर लावत राहिले. डावा हात पुढे कधी पूर्ण वर गेला नाही. सदऱ्याची बाही मी चढवून द्यायची. थंडीत खांदा ठणकला की म्हणायचे, "मला त्या पोराची आठवण येते. त्याचं काय दुखतं, कोणास ठाऊक."

निवृत्तीच्या दिवशी सरकारी पिस्तूल जमा करायला ते गेले. तिथल्या हवालदाराने ते उलटसुलट करून विचारलं, "साहेब, टोक बरंच झिजलंय. खूप कारवाया केलेल्या दिसतात."

"हो," आबा म्हणाले. "सगळ्या आरशापुढे."

घरी येऊन हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या संध्याकाळी प्रथमच टेबलावर टॉवेल पसरला गेला नाही. सवयीने मी मात्र चहा ठेवताना तिकडे बघितलं.

तर ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तुझ्या आबांनी कोणाला गोळी घातली नाही. एकदा घातली असती.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पिस्तूल सरकारचं होतं, ते सरकारकडे गेलं. उघडं कव्हर त्यांनी त्या तरुण अधिकाऱ्याला देऊन टाकलं होतं. झाकणाचं माझ्याकडे आहे. चामड्याला आतून पिस्तुलाचा आकार तसाच आहे, आणि बटण अजूनही एका झटक्यात निघत नाही.