डॉल्फिनला टाकलेले मुरमुरे

निवृत्तीला काही वर्षं झाली, पण हायवेवरच्या जाम गावाच्या चौरस्त्यावरून गाडी गेली आणि ही केस मनात आली नाही, असं एकदाही झालेलं नाही. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच आहेत.

मी तेव्हा त्या भागाचा ठाणेदार होतो. एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. हायवेवरच्या एका चहा-नाश्त्याच्या हॉटेलात गल्ल्यामागं इंद्रजाल टांगलेलं आहे, म्हणाला. इंद्रजाल म्हणजे समुद्रातलं काळं प्रवाळ. दिसतं वाळक्या झाडासारखं, पण असतो तो जीव. घरात लावलं की आजार, बाधा टळते अशी लोकांची समजूत. वन्यजीव कायद्यानं ते बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच आणि वनविभागाचा माणूस घेऊन गेलो. काचेच्या चौकटीला झेंडूचा ताजा हार होता, खाली उदबत्ती. गुन्ह्याचा माल लोक माळ्यावर, कडब्यात लपवतात. इथं त्याची राजरोस पूजा चालली होती. पंचनामा केला, माल सीलबंद केला आणि मालकाला ठाण्यात आणलं. साठीतला, साधा माणूस. बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर होताच. मला विकणारा हवा होता.

"मीच आनलं, साहेब," तो म्हणाला. "कोकनात गेलतो. डॉल्फिन दाखवनाऱ्या बोटवाल्याकडून घेतलं."

तेवढ्यात हवालदार कानाशी लागला. याच्या मुलीची वनरक्षक म्हणून निवड झाली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडला होता.

मी विचारलं, "डॉल्फिन जवळ आले होते का?"

"आले न जी. मुरमुरे टाकले मी. पटापट खाल्ले त्यायनं."

नोकरीची तीन वर्षं मी किनाऱ्यावर काढली आहेत. डॉल्फिन लांब कुठंतरी पाठ दाखवतो आणि बुडी मारतो. मुरमुरे टाकायचे ते आपल्याकडे, देवस्थानच्या डोहातल्या माशांना. या माणसानं आपला डोह उचलून समुद्रात नेऊन ठेवला होता.

"काका, तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

त्यानं चपलांकडे बघत मान हलवली. "नाई, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. निवड झाल्यावर मुलगी मैत्रिणींबरोबर कोकणात गेली. डॉल्फिन दाखवून बोट किनाऱ्याला लागली, तेव्हा बोटवाल्यानं पिशवीतून इंद्रजाल काढलं आणि बापाच्या तब्येतीसाठी तिनं ते घेतलं.

त्यानं हात जोडले. "चार वर्षं भरतीसाठी धावली जी पोरगी, या हायवेच्या काठानं. तिचं नाव नका लिवू. मले टाका आत."

मी हवालदाराला बाहेर पाठवलं. खरं सांगतो, मग पेन उघडला आणि त्याचा खोटा जबाब लिहायला घेतला. मुरमुऱ्यांची ओळ तेवढी वगळली. मलाही मुलगी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं धरलं आणि त्या दिवशी स्वतःच्या अक्षरात लिहीत होतो.

अर्धं पान झालं असेल, तर मुलगी दारात उभी.

"साहेब, ते मी आणलं. बाबाले समुद्र माहीतच नाई." तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. बोटीतला फोटो होता. अंगात लाइफ जॅकेट, मांडीवर ते इंद्रजाल.

"याचा परिणाम समजतो का तुला?"

"समजते. जंगल राखाची नोकरी खोटं बोलून घेऊ काय, साहेब?"

बाप म्हणाला, "चूप राह्य, बाई." आणि तिथंच बाकावर बसून रडायला लागला.

मी पान फाडलं आणि तिचा जबाब घेतला. त्यावरून किनाऱ्यावरच्या पोलिसांनी बोटवाल्याकडून पोतंभर प्रवाळ जप्त केलं. मला प्रशंसापत्र मिळालं, ते मी कधी भिंतीला लावलं नाही. जबाब घेतला त्याच संध्याकाळी तिच्या पडताळणीच्या कागदावर 'गुन्हा दाखल' असं लिहून मीच सही केली. तिची निवड रद्द झाली. पुढं कोर्टानं तिला सोडलं, पण तोवर भरतीची वयोमर्यादा उलटून गेली होती.

आता हॉटेल तीच चालवते. मागच्या महिन्यात थांबलो होतो. म्हातारा आत बसून होता, माझ्याशी बोलला नाही. तो आजवर बोललेला नाही आणि त्याचा मला राग नाही. चारित्र्य तपासायचं काम मी शेकडो वेळा केलं, आणि बहुतेक वेळा कागदच तपासला, हे मला या केसनं शिकवलं.

चहा घेता घेता इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिला सांगितलं. "त्या दिवशी तू आली नसतीस, तर तुझं नाव आलं नसतं. बाबांचा जबाब मी लिहीतच होतो."

तिनं फडक्यानं टेबल पुसलं. "माहीत होतं, साहेब. मी बराच वेळची दारात उभी होती. तुमाले माह्यासाठी खोटं लिवतानी पाह्यलं, म्हनूनच आत आली."