ज्याचा चेहरा त्याचा फोटो

फोटो काढून झाला की गायकवाड मामा प्रिंट देतात, फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून देतात आणि मग कॅमेरा गिऱ्हाइकासमोर धरून त्याच्या डोळ्यांदेखत फोटो पुसून टाकतात. रोलच्या जमान्यात निगेटिव्हही पाकिटात घालून देऊन टाकायचे. दापोडीत रेल्वेलाइनलगतच्या बोळात त्यांचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, एक गाळा आणि निळा पडदा. "चेहरा तुमचा हाय, मी नुसता खटका दाबला," हे ठरलेलं वाक्य. पूर्वी दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याने वस्तीतल्या एका मुलीचा फोटो न विचारता काचेत लावला आणि तिच्या घरी त्यावरून रामायण झालं. तेव्हापासून मामांचा हा नेम. मुलींचे स्थळासाठीचे फोटो म्हणूनच त्यांच्याकडे निघतात.

मी त्यांना चिडवायचो. "मामा, उद्या एखाद्या फोटोचं नाव झालं तर लोकांना दाखवणार काय?"

"दाखवायचं कशाला? ज्याचा हाय त्याच्या भितीवर हाय की."

माझ्या आईचा फोटो त्यांनी आमच्या पायरीवर काढला. ती कंपनीच्या कँटीनमधलं काम आटोपून नुकतीच आली होती. मामा काहीतरी बोलले आणि ती तोंडावर पदर न घेता हसली. पुढचा दात पडल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. जन्मभर पासपोर्ट फोटो काढणारे मामा स्वतःच त्या फोटोकडे बघत राहिले. पुसताना म्हणाले, "ह्यो जमला राव."

आई गेल्यावर तोच फोटो मी स्टेटसला ठेवला, नातेवाइकांच्या आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला. एकदा तर आईच्या खाली सुविचार लिहून कुणीतरी मलाच पाठवला. तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

दोन वर्षांनी सकाळच्या शिफ्टला चाकणला जाताना कंपनीच्या बसमधून होर्डिंग दिसलं. नव्या सोसायटीची जाहिरात, आणि हातात चावी घेतलेली माझी आई. तीच मान, तोच पदर. फक्त दात बसवलेला.

मामांना नेऊन दाखवलं. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि वर पाहिलं. "दात कशाला बसवला रं," एवढंच बोलले.

त्यांना पैसे नको होते. फोटो मी काढलेला आहे एवढं कबूल करा आणि ताईंचं हसू होतं तसं ठेवा, नाहीतर उतरवा, एवढीच मागणी. इस्त्रीचा शर्ट घालून, आमच्या घरातली आईची फ्रेम पिशवीत घेऊन ते माझ्याबरोबर बिल्डरच्या ऑफिसात आले. जाहिरातीचं काम बघणारी मुलगी सभ्यपणे बोलली. "काका, हा फोटो नाहीच. कॉम्प्युटरने तयार केलेलं चित्र आहे. अशी बाई जगात नाहीये."

बाई खरंच जगात नव्हती. मामांनी फ्रेम टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "अशी प्रिंट नेटवरून कुणीही काढेल. ओरिजिनल फाइल आहे का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पेन ड्राइव्ह माझ्याकडे होता. चुलतभावाच्या हळदीची गाणी भरायला मी तो कधीच पुसला होता.

वकिलानेही पहिला प्रश्न तोच विचारला. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते होर्डिंग अजून आहे आणि माझी बस रोज त्याच्याखालून जाते.

मागच्या महिन्यात मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता, म्हणून तिला मामांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, प्रिंट दिल्या, फाइल दिली. पुसायच्या बटणावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"ह्यो एक ठेवू का माझ्यापाशी?" त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

"ठेवा ना मामा. आता सगळेच ठेवत चला."

मुलगी प्रिंट बघत होती. तिने मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी बी कसा," मामा तिला म्हणाले. "चेहरा तुझा, आन् विचारतोय तुझ्या बापाला."

त्यांनी कॅमेरा तिच्यासमोर धरला आणि फोटो पुसून टाकला.