अमेरिकेच्या पेपरात आख्खं खुटबाव

बॅचलर पोरांच्या रूमबाहेर चपला साठतात आणि आत किस्से. चपला निदान दिवाळीला तरी आवरल्या जातात! सणसवाडीच्या आमच्या रूमवर सागरनं जीआरईचा अभ्यास काढला, तेव्हापासून तर किस्से ठेवायला जागा उरली नाही.

सागर माझा रूम पार्टनर, खुटबावचा. कंपनीत आम्ही एकाच लाईनवर. त्याला एमएस करायला अमेरिकेला जायचं होतं, त्यासाठी ही परीक्षा. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "एकडाव दे परीक्षा. न्हाई जमलं तर गुमान घरी यायचं. शिरूरचं पाव्हणं पोरगी द्यायला तयार हायत, आन् ऊस तर हायच!"

*

गणित म्हणजे त्याच्या हातचा मळ. घोडं अडत होतं इंग्रजी शब्दांवर. सकाळी पाठ केलेला शब्द कंपनीच्या गेटपर्यंत टिकायचा नाही.

मी वैतागून म्हणालो, "लेका, गावातला प्रत्येक माणूस तुला स्वभावासकट पाठ आहे. एकेकाला एकेक शब्द देऊन टाक की!"

त्यानं पुस्तक उघडलं. गॅर्युलस, म्हणजे अति बडबड्या.

"आरं, हे तर आमचं भिकूमामा!" सागर ओरडला. "बारशाला बोलवलं तर जावळापत्तुर उठत न्हाईत!"

तो शब्द पुन्हा काही तो विसरला नाही.

*

पारसिमोनिअस, म्हणजे कंजूष. ह्याला माणूस सुचेना, म्हणून त्यानं आईला फोन लावला. स्पीकरवर.

"आई, गावात लई चिकट कोण हाय गं?"

माऊली जी सुरू झाली! तिकडं भाकरी थापून झाल्या, भांडी घासून झाली, नावं काही संपेनात. शेवटी सागरच म्हणाला, "आई, शब्द एकच हाय गं!"

"मग तुझ्या आत्याला दे," आई म्हणाली. "बाकीच्यांना उगं कशाला वाईट वाटाय लावतोस?"

*

आमचे सुपरवायझर कदमसाहेब. त्यांना इरॅसिबल दिला होता, म्हणजे नाकावर राग असलेला. एकदा त्यांनी आमची कुजबुज पकडली. "काय बोलताय रे माझ्याबद्दल?"

सागर गडबडला. "साहेब, त्याचा अर्थ... लई कडक माणूस!"

साहेब खूश. अप्रेझलला मोठ्या साहेबांसमोर छाती काढून म्हणाले, "सर, आय ॲम व्हेरी इरॅसिबल!"

मोठ्या साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "आय नो."

आम्हाला हे स्वतः कदमसाहेबांनीच सांगितलं. फार अभिमानानं!

*

आता आईच्या तोंडात तीळ भिजतोय होय? कुणाला कुठला शब्द दिला, ते आत्या सोडून सगळ्या गावाला कळलं. भिकूमामा चिडले असतील, म्हणून सागर गावाकडं फिरकायला टरकत होता. गेला, तर मामा पारावर सांगत बसलेले, "अमेरिकेच्या पेपरात मी हाय!"

मग बाकीचे रुसले. "आमी काय घोडं मारलंय? आमाला का शब्द न्हाई?"

सागर तिथंच पारावर बसला आणि त्यानं शब्द वाटले. ज्याचा दुर्गुण त्याच्या तोंडावर सांगून! भांडण म्हणाल तर एक नाही. आळशी ठरला तो एवढंच म्हणाला, "बराबर हाय. पर जरा लांबलचक दे की!"

*

परीक्षा पुण्याला होती. आप्पा हट्टानं सोबत आले. सागर आत गेला आणि माझा जीव टांगणीला लागला. आप्पा गेटसमोर उभे ते उभेच. बसा म्हटलं तरी बसेनात. चहा आणला, तो गार होऊन गेला.

दुपारी सागर बाहेर आला तो हसतच. स्कोअर लगेच स्क्रीनवर दिसतो, आणि मनासारखा पडला होता. मला तर नाचावंसं वाटलं.

"आप्पा, स्कोअर..."

"ऱ्हाऊ दे त्ये. आपल्या गावातलं कोण कोण आलं रं पेपरात?"

"भिकूमामा आले. आत्या आली."

"आन् मी?"

सागरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"तुमी तर पयल्याच प्रश्नात व्हता, आप्पा. ऑब्ड्युरेट."

"म्हंजी कसला?"

"म्हंजी... हट्टी. काय बी झालं तरी आपलं म्हणणं न सोडणारा."

आप्पांनी टोपी नीट केली. खिशातून मोबाईल काढून घरी लावला.

"अगं, ऐकलं का? पयला प्रश्न मीच व्हतो! शिरूरच्या पाव्हण्यांना सांग, दुसरं ठिकाण बघा म्हणावं. पोरगं अमेरिकेला जाणार. आता त्यो न्हाई म्हणला तरी जाणार!"