नसीमचा तारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. आजच का? बारा वर्षं झाली म्हणून असेल. किंवा माझे विद्यार्थी हल्ली माझ्याकडे फार विश्वासाने बघतात, ते सोसत नाही म्हणूनही असेल.

पण आधी थोडं चांगलं बोलू द्या, कारण चांगलंच जास्त आहे. मी नांदेडला खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होते तेव्हा आमच्या विभागात दर गुरुवारी तीन वाजता सेमिनार असायचा. एकाने आपलं काम फळ्यावर मांडायचं, बाकीच्या आठ-दहा जणांनी ऐकायचं. मी शिरूर अनंतपाळची, मराठी शाळेतली. पहिल्या गुरुवारी माझ्या पाचावर धारण बसली होती. आज लातूरच्या कॉलेजात शंभर पोरांसमोर बिनधास्त बोलते, ती त्या खोलीमुळे. त्या खोलीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तिथे एक नियम होता. बोलणं संपलं की चहाच्या आधी प्रत्येकाने उठून आपल्याला न कळलेली एक गोष्ट सांगायची. "कळलेलं घरी सांगा, इथं न कळलेलं सांगा," असं आमचे मार्गदर्शक सर म्हणायचे, आणि सगळ्यात आधी स्वतः उठायचे. त्यामुळे अडाणी ठरण्याची कुणाला लाज नव्हती. मला होती. मी काय करायची — ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं एक 'न कळलेलं' आदल्या दिवशीच शोधून ठेवायची. नियमही पाळला जायचा, हुशारीही दिसायची. किती साळसूद होते मी! पण थांबा, सांगायचं आहे ते हे नव्हे.

सांगायचं आहे ते नसीमबद्दल. ती माझ्याहून एक वर्ष पुढे. तिच्या अब्बांचं नांदेडातच शिवणकामाचं दुकान. माझ्या पहिल्या सेमिनारला मी फळ्यापुढे उभी राहिले आणि पुढचं वाक्यच आठवेना. सगळे बघतायत, हातात खडू, डोकं रिकामं. तेव्हा मागच्या बाकावरून ती म्हणाली, "थांब गं, ते आधीचं समीकरण मला न्हाई कळलं. परत सांग की." तिला ते तोंडपाठ होतं. पण परत सांगता सांगता माझी गाडी रुळावर आली. अशी बाई. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आम्ही दोघी ठरावीक वेळाने मंद होणाऱ्या ताऱ्यांवर काम करायचो. माझा तारा वेगळा, तिचा वेगळा. तारा नेमका कधी मंद झाला याची वेळ काढायची, एवढंच. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत काही महिने आठेक मिनिटं लवकर पोचतो, काही महिने तितकाच उशिरा. ती दुरुस्ती करून घ्यावी लागते. त्या दुरुस्तीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. नसीमने मागितला, मी मोठ्या ऐटीत दिला.

त्यात मी अधिकच्या जागी वजा लिहिलं होतं. चूक निघून जाण्याऐवजी दुप्पट होत होती.

नसीमचा तारा म्हणूनच कधी वेळेआधी मंद व्हायला लागला, कधी उशिरा. तिला वाटलं, न दिसणारं काहीतरी त्याला ओढतंय — नवा सोबती! सरांनाही पटलं. आमच्याकडे पावसाळ्यात निरीक्षण बंद, सलग वर्षभराच्या नोंदी कधी नसायच्याच. मग हा घोळ वर्षाच्या चक्राचा आहे हे दिसणार कसं? विभागात सगळीकडे नसीमचा तारा, नसीमचा तारा. मीही कौतुक केलं. तोंडाने.

माझी चूक मला एका मंगळवारी सापडली. माझ्या ताऱ्याच्या वेळा जुन्या छापील वेळांशी जुळेनात, म्हणून मी प्रोग्रॅम ओळ-ओळ वाचला. दिसलं. वजाचं अधिक केलं. वेळा जुळल्या. आणि लगेच कळलं की नसीमच्या ताऱ्याला सोबती नाही.

ती दहा पावलांवर बसली होती. उठून सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी उठले नाही. उद्या सांगू म्हटलं. बुधवारी म्हटलं, सरांनाच कळेल. हे सगळं भीतीने, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. खोटं आहे ते. भीती होतीच, पण हेवाही होता. तिचा तारा पडावा असं मला वाटत होतं.

गुरुवारी ती बोलली, फार सुंदर बोलली. मग एकेक जण उठला. माझी पाळी आली. न कळलेलं सांगायची ती जागा — आणि मला तर सगळं कळलेलं! मी दुर्बिणीच्या फिल्टरबद्दल काहीतरी विचारलं. तिने प्रेमाने समजावून सांगितलं. चहा झाला.

महिन्याभराने एका मोठ्या संस्थेत तिने हेच काम मांडलं. तिथे कुणीतरी विचारलं, "तुमचा तारा आपलं कॅलेंडर बघून चालतो का?" अख्खं सभागृह हसलं म्हणे. पुढे त्याच संस्थेत जायचं तिचं स्वप्न होतं. तिने नंतर तिथे अर्जच केला नाही.

परत आल्यावरच्या गुरुवारी ती आपणहून फळ्यापाशी गेली आणि चूक उलगडून सांगितली. सरांनी विचारलं, "प्रोग्रॅम कुणाचा?" मी मान खाली घातली — चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, "सर, न तपासता वापरला मीच ना." संपलं. मी मूग गिळून बसले. तेव्हाही. सगळे समोर असताना, ती उभी असताना.

आणि चहाच्या वेळी ती घाईघाईने माझ्याकडे आली. माझा हात धरला. "अगं, तू बी तोच प्रोग्रॅम वापरून राहिलीस ना? तुझं बी चुकलं असल. आधी बदलून घे, बाई. माझ्यासारखं हसं नको व्हायला."

मी काय म्हणाले असेन? "बरं झालं सांगितलंस," म्हणाले.

माझी पीएच.डी. तिच्याआधी झाली. तिला दुसरा तारा घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता ती नांदेडलाच अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि मुलं तिच्यावर जीव टाकतात. आम्ही बोलतो. अजूनही काही अडलं तर मी तिलाच फोन करते, आणि ती वर्ग सोडून बाहेर येऊन समजावते. माझ्या आयुष्यात जे काही सरळ आहे त्यातलं पुष्कळसं तिच्याकडून आलंय. हे मी मनापासून म्हणते. तुम्हाला ते खरं वाटेल की नाही, माहीत नाही.

प्रबंधात आभाराचं पान असतं. तिथे मी लिहिलं — वेळेच्या दुरुस्तीतली माझी चूक मला दाखवून दिल्याबद्दल नसीमची मी आभारी आहे. तिला एक प्रत दिली. आठवड्याने तिचा फोन आला. "अब्बांना लई आनंद झाला बघ. इंग्रजी वाचता येत न्हाई, पण माझं नाव बरोबर वळखलं." त्यांनी ते पान काचेत बसवून दुकानात लावलंय. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी मला त्याच्याखालीच बसवलं, चहा दिला, आणि शिवलेले कपडे न्यायला आलेल्या एका बाईंना सांगितलं, हीच ती, माझ्या पोरीची चांगली मैत्रीण.

त्या पानावरचं ते वाक्य खोटं आहे. चूक मला तिच्याआधी कळली होती, मंगळवारी कळली होती, आणि मी तिला फळ्यापाशी जाऊ दिलं.