जोडातील दोन पांढऱ्या तारा

गेल्या मंगळवारी गोकुळ रोडवरील एका कारखान्यात जाण्याचा प्रसंग आला. मी टेलिफोन खात्यातील निवृत्त केबल जॉइंटर, म्हणजे तारांचे जोड करणारा. शिक्षण चौथीपर्यंत; परंतु माझा जोड पुन्हा उघडावा लागला नाही, असे मी आजवर सांगत आलो आहे.

शेजारची शिल्पा तेथे इंजिनिअर आहे; मला ती अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणते. त्यांच्या डिजिटल लाईनवर बोलणी मध्येच तुटत होती. अशा लाईनच्या दोन जोड्यांतून, म्हणजे चार तारांतून, एकाच वेळी तीस जण बोलू शकतात. प्रत्येकाच्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन त्यांचे आकडे करतात आणि ते आळीपाळीने, ठरलेल्या जागी बसवून पाठवतात... आणखी एक जागा ताल राखण्यासाठी, दुसरी फोनचे नंबर व घंटी यांच्या निरोपांसाठी.

“अज्जा, मीटर सगळं बरोबर दाखवतंय. नवीन केबलच टाकू काय?” शिल्पाने विचारले.

मी फाटकाजवळचा जुना जोड उघडला. निळ्या तारेची जोडीदार पांढरी तार नारिंगीकडे गेली होती आणि नारिंगीची निळ्याकडे. पलीकडच्या टोकालाही तशीच अदलाबदल असल्याने प्रत्येक तार शेवटी आपल्या जागी पोचत होती, म्हणून मीटरला हा दोष दिसत नाही. जोडीतील तारा एकमेकींशी पिळलेल्या असल्या तरच बाहेरचा गोंगाट आपोआप कटतो. साध्या फोनवर थोडी खरखर आली तरी माणूस समजून घेतो... आकड्यांना ते जमत नाही.

“असला जोड करणाऱ्याच्या हाती तारच देऊ नये,” मी मोठ्याने म्हणालो. भोवतालचे कामगार हसले.

नंतर टेपच्या आत एक चिठ्ठी सापडली. जोड करणाऱ्याने आपले नाव आत ठेवावे, अशी आमच्यात रीत होती. अक्षर माझेच होते... निवृत्तीनंतर मी या रस्त्यावर खासगी कामे करीत असे.

“कुणाचं नाव आहे, अज्जा?”

चिठ्ठी खिशात घालणे सोपे होते. मी चष्मा पुसला आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव वाचून दाखवले.

मग शिल्पा म्हणाली, “अय्य! आता तार हातात देऊ का नको?”

“दे,” मी म्हणालो.

दोन्ही टोकांच्या तारा सरळ केल्या. अर्ध्या तासाने लाईनच्या यंत्रावर एकही चूक दिसत नव्हती.

चूक उघडकीस आली तेव्हा मी हयात होतो आणि ती सुधारण्याइतका हात स्थिर होता... एवढ्याबद्दल मी ऋणी आहे.