दोन बोटं वर

फोन आला तेव्हा मी पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसच्या गेटला बिजागऱ्या मारत होतो. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मनीषाचा फोन. ही पोलिसात मोटारसायकलस्वार आहे, आमच्या दाजींच्या हाताखाली शिकलेली. एरवी हिचं बोलणं म्हणजे भांडल्यासारखं, त्या दिवशी आवाजच फुटत नव्हता. "सुभाषभाऊ, सरांची गाडी पडली… नांदुरीच्या घाटात." यावर कुठलाही माणूस काय विचारील? लागलं का, कुठं नेलंय, शुद्धीवर आहेत का. मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "कोणत्या बाजूला पडली?" ती म्हणाली, "डावीकडं." मी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला आणि तिथंच मातीत बसलो. दाजी गेले हे तिनं त्यानंतर सांगितलं. पण माझ्यापुरतं ते 'डावीकडं' या शब्दातच कळून चुकलं होतं.

आज दीड महिना झाला. पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तुमचे मेहुणे इतक्या पोरापोरींना गाडी शिकवून गेले, त्यांच्यावर लिहा, चार आठवणी सांगा. आठवणी भरपूर आहेत. पण मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मी इतकं लांबून येतोय ते माझ्या भित्रेपणामुळे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. मूळचे येवल्याचे. घरात पैठणीचे माग. त्यांचे वडील मागाच्या खड्ड्यात बसून पायानं एक काम करायचे, हातानं दुसरं, आणि तोंडानं घरच्यांना शिव्या देत तिसरं. दाजी सांगायचे, गाडी हळू वळवायची ती अशीच. डावा हात क्लचवर, अर्धा दाबलेला. उजव्या हातानं रेस, एकसारखी, कमी नाही जास्त नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर नुसता टेकलेला. तिघांनी आपापलं काम करायचं, एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. आणि मान? मान वळून जिथं बाहेर पडायचंय तिथं. "चाकाकडं बघितलं की संपलं. चाकाला कुठं अक्कल असते?" असं म्हणायचे. पोलीस भरतीत आले तेव्हा यांना सायकलसुद्धा धड येत नव्हती असं ताई सांगते. पुढे तेच मैदानावर शिकवायला लागले.

त्यांचं शिकवणं बघायला मी मुद्दाम जायचो. मैदानावर फक्कीनं आखलेला मोठा इंग्रजी आठ. पोलिसांची गाडी म्हणजे तुमची-माझी गाडी नव्हे. पुढं सायरन, दिवे, मागं दोन्ही अंगांना डबे, वायरलेस, त्यात दंडुका, रेनकोट, पाण्याची बाटली. सगळं वजन मागं आणि वर. सरळ रस्त्यावर राणीसारखी चालते, पण गल्लीत यू-टर्न मारायचा म्हटलं की रुसते. चांगली दणकट पोरं पहिल्या दिवशी त्या आठाच्या पोटातच आडवी व्हायची. मनीषा तर सात वेळा पडली. सातव्यांदा गाडी उचलताना रडायला लागली, "सर, मला नाय जमणार. लय जड हाय." दाजी शांतपणे म्हणाले, "जड आहे म्हणून तू तिला धरून ठेवतेस. सोड. तिला झोपू दे, तू बसून राहा." हळू वळताना गाडी आत झोपवायची आणि आपण ताठ राहायचं. जोरात वळताना गाडीबरोबर आपणही झुकायचं, ब्रेक काय मारायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. एवढंच त्यांचं शास्त्र. पण ते अंगात मुरेपर्यंत माणसाला रडवायचे.

स्वतः मात्र ताई मागं बसली की असे चालवायचे की पाठीमागचा रिक्षावाला हॉर्न देऊन देऊन दमायचा. प्रत्येक वळणाच्या आधी वेग कमी, आरशात बघ, पुन्हा बघ. "चालत गेले असते तर भाजी निवडूनसुद्धा झाली असती," ताई म्हणायची. दाजी हसायचे आणि तेवढ्याच वेगानं पुढचं वळण घ्यायचे.

आणि त्यांची ती चुन्याची डबी. तंबाखू ताईनं लग्नानंतर सोडायला लावली, डबी काही सुटली नाही. खिशात कायम. गाडीवर काही नवीन बसवलं की दाजी बोटावर चुना घेऊन फूटरेस्टच्या टोकाला लावायचे, स्टँडला लावायचे, सायलेन्सरला लावायचे. मग आठ मारून यायचे, गाडी पार झोपवून. उतरायचे, उकिडवे बसायचे आणि कुठला चुना पुसला गेला ते बघायचे. वळणात जमिनीला सगळ्यात आधी फूटरेस्ट लागलं पाहिजे, कारण ते वर दुमडतं. घासतं, कुरकुरतं, स्वाराला सांगतं की बाबा, आता बस, याच्यापुढं नको. जी वस्तू दुमडत नाही तिनं आधी जमिनीला हात लावायचा नाही. ती लागली की गाडी तिच्यावर टेकते, चाक रस्ता सोडतं… आणि मग कसलाही स्वार असू दे.

हे मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. चांगलं दोनदा. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी नाशकातल्या द्वारका चौकात एका स्कूटरवाल्यानं त्यांना आडवं घेतलं. गाडी पायावर पडली, घोटा मोडला. दोन महिने प्लॅस्टर. ताई रोज संध्याकाळी मला फोन करून रडायची. "तू एवढा लोखंडाचा धंदा करतोस, त्यांच्या पायासाठी काहीतरी कर ना रे." मला चेव आला. सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान, हाताखाली दोन कारागीर, आणि माझ्या वेल्डिंगचा मला माज आहे, तो आजवर कोणी उतरवला नव्हता. मी जाड पाइपाचा लेगगार्ड केला. नेहमीच्यापेक्षा रुंद आणि खाली उतरलेला. गाडी पडली तरी घोट्याला जमीन लागणार नाही असा. वरिष्ठांची परवानगी दाजींनी काढली, मी तो बसवला. बघून इतर स्वारांनीही मागून घेतले, आणखी पाच झाले. लोक म्हणायचे, सुभाषच्या गार्डवर हत्ती बसवा. मी ऐकून घ्यायचो आणि चहा पाजायचो.

चूक कुठं झाली ते सांगतो. मी माप घेतलं ते गाडी डबल स्टँडवर असताना. रिकामी गाडी, उंच उभी, स्प्रिंगा मोकळ्या. माझ्या मापानं गार्ड फूटरेस्टपेक्षा वर होता. पण दाजी बसले, डबे भरले, वायरलेस आला, की स्प्रिंगा दबायच्या, आणि पडताना घोटा वाचावा म्हणून मीच बाहेर काढलेला तो पाइप वळणात फूटरेस्टच्या आधी जमिनीला जायचा. इतकी साधी गोष्ट. तीस वर्षं लोखंड कापतोय, आणि माणूस बसल्यावर गाडी खाली जाते हे मला सुचलं नाही.

दाजींना आधी ते जाणवलं नव्हतं; गार्ड बसवला तेव्हा घोटा नुकताच जुळला होता, म्हणून चुना लावून आठ मारणं राहून गेलं, आणि शहरात तेवढी गाडी झोपवायची वेळ येत नाही. गेल्या दिवाळीनंतर नवे, मोठे डबे आले आणि मग मैदानावर घासायला लागलं. ते दुकानात आले. चुना लावून बघून आले होते. म्हणाले, "सुभाष, गार्ड आधी लागतोय रे, डावीकडं तर फारच. दोन बोटं वर घे." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मला राग आला. अगदी फुकटचा राग. मी म्हणालो, "दाजी, या गार्डमुळे तुमचा पाय राहणार आहे. तुम्हाला आठ मारायचा असेल तर सर्कशीत जा." ते हसले. "बरं, सवडीनं कर," म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, माझ्या कामाला नावं ठेवायची असतील तर दुसरीकडे जा, नाशकात वेल्डिंगवाल्यांचा दुष्काळ नाही. या वेळी ते हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. खिशातली डबी काढली, उगाच उघडून बघितली, बंद केली. "चहा सांग," म्हणाले. आम्ही चहा प्यायलो. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मला वाटलं, जिंकलो.

त्या सकाळी देवीच्या गडावरच्या बंदोबस्ताची पाहणी करून दाजी उतरत होते, मागं दुसऱ्या गाडीवर मनीषा. डावं वळण. वेग बेताचा. मनीषा म्हणते, सर वळणात शिरले ते अगदी पुस्तकात काढल्यासारखे. तेवढ्यात समोरून चढणारा टेम्पो एसटीला मागं टाकायला म्हणून सरळ यांच्या बाजूला आला. सरांनी ब्रेकला हात नाही लावला. मान वळवली, गाडी आणखी आत झोपवली. "निघाले होते हो सुभाषभाऊ… निघालेच होते. टेम्पोच्या आतून जागा होती. मग खालून ठिणग्या उडाल्या आन् मागचं चाक उचललं." गाडी बाहेर फेकली गेली ती टेम्पोच्या मागच्या अंगावर. ती म्हणाली, "फूटरेस्ट घासलं असंल." मी मान डोलावली.

सगळ्यांनी टेम्पोवाल्याला धरलं आणि धरायलाच हवं होतं. चूक त्याची आहेच. येणारा-जाणारा मला सांगत होता, वेळ आली होती, कुणाच्या हातात नसतं. मला त्या माणसांचे गळे धरावेसे वाटायचे. अरे, माझ्या हातात होतं! पाऊण तासाचं काम होतं. ग्राइंडरनं कापायचं, दोन बोटं वर घ्यायचं, टाके मारायचे, काळा रंग द्यायचा. चहा प्यायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला होता.

पंचनामा झाल्यावर गाडी न्यायला पिकअप आणली, पण गाडी तीत चढेना, गार्ड अडत होते. काढायला कोणाला बोलावणार? मलाच बोलावलं. डाव्या गार्डचा खालचा पाइप वीतभर घासून सपाट झाला होता, नव्या नाण्यासारखा चकाकत होता. शेजारचं फूटरेस्ट मात्र तसंच्या तसं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. माझा टाका कुठंही तुटला नव्हता. माझं वेल्डिंग शेवटपर्यंत टिकलं. मी तिथं मोठ्यानं ओरडलो, लोकांना वाटलं दुःखानं.

दशक्रिया उरकून आम्ही रामकुंडावरून घरी आलो. पाहुणे पांगले. ताई ओट्याशी उभी, पाठ माझ्याकडे. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "सुभाष, ते दोन बोटांचं काय होतं रे? बरेच दिवस घोकत होते. मी म्हटलं, तो ऐकत नसेल तर दुसऱ्याकडून करून घ्या. तर म्हणाले, नको, सुभाषला वाईट वाटेल. त्याच्याच हातून करून घेईन." ती वळली. "त्यानं काही फरक पडला असता का?" डोळे माझ्यावर. मी म्हणालो, "नाही गं ताई. त्याचा काय संबंध."

हे बोललो मी. सख्ख्या बहिणीला. त्यानंतर तीनदा तिच्या घरी गेलो खरं सांगायला. तिन्ही वेळा तिनं पोहे केले, मी खाल्ले, परत आलो.

बाकीच्या पाच गाड्या मी दुकानात बोलावून घेतल्या. सगळ्यांचे गार्ड कापले आणि वर घेतले, या वेळी माणूस बसवून, डबे भरून माप घेतलं. मनीषाला कारण सांगितलं. तिनं फूटरेस्टला आणि गार्डला चुना लावला. मग मैदानावर जाऊन आठ मारून आली, गाडी उभी केली आणि म्हणाली, "बघा." उकिडवा बसून बघितलं. फूटरेस्टचा चुना पुसला होता, गार्डचा तसाच होता. ती माझ्याकडे न बघता निघून गेली. त्या दिवसापासून तिचा फोन नाही.

दाजींच्या गाडीचे ते दोन गार्ड माझ्या दुकानात आहेत. डावा मी कापडात गुंडाळून ठेवलाय. उजवा भिंतीला टांगलाय, कारण त्याच्यावर काहीतरी आहे. काढून आणल्यावर तिसऱ्या दिवशी उजेडात धरला तेव्हा दिसलं. खालच्या पाइपाला चुना लावलेला. त्या सकाळी निघताना लावला असणार, दोन्ही बाजूंना. घाट उतरून आले की संध्याकाळी दुकानात गाडी उभी करायची, वाद घालायचा नाही, नुसतं बोट दाखवायचं, असं असणार त्यांच्या मनात. उजवीकडचा चुना वाळून तसाच राहिलाय आणि त्यात त्यांच्या बोटाचा ठसा आहे, रेषान् रेष. दुकानात त्या बाजूला मी आता ग्राइंडर चालवू देत नाही. धूळ उडते.

ताई, तू रविवारची पुरवणी शेवटच्या पानापासून वाचतेस, म्हणजे हे तुझ्या हाती पडेल. तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू विचारलंस ना, फरक पडला असता का?

पडला असता. ते आज घरी असते.

दुकान मी आठ वाजता उघडतो. ये. आधी तो ठसा बघ, मग मला काय बोलायचं ते बोल.